मणेरणीचा दुसरा आवाज

बांगडी भरायला दोन हात लागतात आणि एक तोंड. एका हातानं समोरच्या बाईचा पंजा आवळून तिचा अंगठा आत मुडपायचा, दुसऱ्या हातानं बांगडी पुढं सरकवायची, आणि हे चालू असताना तोंडानं तिला बोलण्यात गुंतवायचं. भात कसं आलंय, पोरीचा ताप उतरला का, नणंद माहेरी किती दिवस राहिली. बाई बोलायला लागली की तिचं लक्ष बांगडीवरून उडतं, हात सैल पडतो आणि काच न मोडता बांगडी मनगटावर उतरते. हे मला माझ्या सासूनं शिकवलं होतं. ती म्हणायची, हात आवळून बसलेल्या बाईला बादशहासुद्धा बांगडी भरू शकत नाही.

आम्ही जव्हारचे मणेर, पिढीजात बांगड्या विकणारे. नवरा गेला तेव्हा मी तिशीत होते, मूलबाळ नव्हतं. त्याची टोपली मी डोक्यावर घेतली. मोखाड्याचा आठवड्याचा बाजार करायचा आणि एरवी वावर-वांगणी या गावांकडचे पाडे. एसटी जिथं उतरवेल तिथून पुढं पायी. पाडा दिसला की लांबूनच हाक द्यायची, "बांगड्याऽऽ घ्या बाय, बांगड्याऽऽ!" माझी हाक खाचरात वाकलेल्या बायकांपर्यंत पोचायची. त्या चिखलाचे हात धुऊन येईपर्यंत मी झाडाखाली टोपली उघडून बसलेली असे.

चाळिशी ओलांडली त्या वर्षी आवाज बसला. आधी वाटलं धूळ, मग वाटलं ओरडून ओरडून झालं असेल. हळद-दूध, काढे, मोखाड्याच्या दवाखान्यातल्या गोळ्या, सगळं झालं. आवाज काही सुटेना. मग गिळताना दुखायला लागलं तेव्हा भिवंडीहून माझा मोठा भाऊ आला आणि मला मुंबईच्या इस्पितळात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं माझ्याहून लहान होत्या. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सरळ सांगितलं, "आवाजाची पेटी काढावी लागेल. जीव वाचेल. आवाज नाही वाचणार."

ऑपरेशनच्या आधी मी शेवटचं काय बोलले ते मला नीट आठवतं. कुणी कलमा म्हणतं, कुणी घरच्यांना काही सांगून ठेवतं. मी आयाबाईला म्हणाले होते, "तेवढी खिडकी लावा, वारा येतोय." घोगऱ्या आवाजात, तेही कसंबसं. जाग आली तेव्हा गळ्याच्या खळगीत एक भोक होतं आणि माझा श्वास त्यातून येत-जात होता. नाकाला वास येईना. खोकला आला की तो तोंडातून न येता गळ्यातून यायचा. रडू आलं तर डोळ्यांतून पाणी यायचं, आवाज नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईला कळायचंसुद्धा नाही की मी रडते आहे.

पुढचे तीन महिने भावाकडे भिवंडीत काढले. भाई आणि भाभी दोघांनीही मला फुलासारखं जपलं, ते मी कधी नाकारणार नाही. पण त्या घरात मी हळूहळू नाहीशी होत गेले. माझ्याकडे एक पाटी होती. मी सातवी शिकलेली, मराठी शाळेतली. भाभीला मराठी वाचता येत नसे. पाटीवर लिहायचं, मग ती कुणालातरी वाचायला बोलवायची, तोवर बोलणं पुढं गेलेलं असायचं. मग त्यांनी मला विचारणंच सोडलं. प्रेमानंच सोडलं. पाहुणे आले की माझ्यासमोर भाईला विचारायचे, "आता कशी आहे?" आणि भाई सांगायचा, "बरी आहे." चहाचा ट्रे आला की भाभी म्हणायची, "तिला नको, तिला गरम सोसत नाही." मला चहा हवा असायचा. पण पाटी शोधून, 'मला हवा आहे' असं लिहून, कुणालातरी वाचायला लावून मिळवलेला चहा घशाखाली उतरत नाही.

तपासणीला इस्पितळात गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला बाहेरच्या बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या पारशी गृहस्थांकडे नेलं. त्यांच्याही गळ्याला माझ्यासारखाच रुमाल होता. त्यांचं ऑपरेशन होऊन बरीच वर्षं झाली होती, आणि आठवड्यातून एकदा ते नव्या पेशंटांना भेटायला येत. त्यांनी खिशातून टॉर्चसारखी एक नळी काढली, मानेला टेकवली, बटण दाबलं. डब्यात भुंगा अडकावा तसा आवाज आला, आणि त्या भुंग्यातून शब्द आले, "केम छे बेन? घाबरू नको."

मी घाबरले होतेच. आवाजाला चढ-उतार नव्हता. माणसाचा नव्हता तो. पण शब्द माणसाचे होते, आणि ते त्या माणसानं स्वतः निवडलेले होते.

त्यांनी नळी माझ्या मानेला लावून पाहिली. इकडे लावली, तिकडे लावली, नुसती गुणगुण. मग जबड्याखाली डाव्या बाजूला, ऑपरेशनच्या वणापासून थोडं दूर, एक मऊ जागा सापडली. ते म्हणाले, "श्वासाचा जोर नको लावू. फक्त तोंड हलव, रोज बोलतेस तसं. काहीपण बोल." मला काही सुचेना. मी म्हणाले, "चहा."

माझ्या तोंडातून ते "चआ" असं आलं. पण त्यांना कळलं. ते हसले, म्हणजे त्यांचे खांदे हलले, आणि उठून कँटीनमधून दोन कप घेऊन आले. ती नळी त्यांच्याकडची जास्तीची होती, परदेशातल्या मुलानं पाठवलेली. ती त्यांनी मला दिली. "लोक तर हसणार, बेन," ते म्हणाले, "हसून झालं की मग ऐकतात." पुन्हा त्यांची भेट झाली नाही.

त्या संध्याकाळी नळी मानेला लावून मी भाईला म्हणाले, "मी जव्हारला जाते."

भाभीच्या हातातली ताटली खाली ठेवायची राहून गेली. मग भाई म्हणाला, "छोटी, वेडी झालीस का? एकटी राहणार? काही झालं तर हाक कशी मारशील?"

"गंटा लावीन," मी म्हणाले. घंटा म्हणायचं होतं.

"आणि खाशील काय?"

"बांगड्या."

तो हसला नाही. रागानं उठून बाहेर गेला. पण मला त्या भांडणाचं सुख झालं, कारण तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यानं मला काही विचारलं होतं आणि उत्तर मी दिलं होतं. आठ दिवसांनी त्यानंच मला एसटीत बसवून दिलं. खिडकीशी उभा राहून म्हणाला, "पत्र टाक. दर आठवड्याला. एक आठवडा चुकला तर मी न्यायला येईन."

जव्हारला माझी एक खोली होती. शेजारी कल्हईवाल्याचं कुटुंब. कल्हईवाल्याच्या बायकोनं माझ्या मानेला लावलेली नळी पाहिली, तोंडात पदर घातला, आणि मग नवऱ्याला सांगून आमच्या दोघींच्या मधल्या भिंतीतून एक तार ओवून घेतली. माझ्या उशाशी तारेचं टोक, तिच्या चुलीपाशी पितळेची घंटा. ती तार मी पुढं इतक्या वर्षांत दोनदा ओढली असेल. पण ती आहे म्हणून झोप लागायची.

बोलायला शिकणं सोपं नव्हतं. सकाळी उठून मी गावाबाहेरच्या शिरपामाळावर जायची. उघडा माळ, कुणी ऐकणारं नाही. तिथं बसून अक्षरं घोकायची. यंत्राची एक खोड होती. ते सगळ्याच अक्षरांना गुणगुणतं, त्यामुळं 'प'चा 'ब' होतो, 'क'चा 'ग' होतो, आणि 'ह' तर येतच नाही. "पाणी" म्हटलं की "बाणी". "काकणं" म्हटलं की "गागणं". "हात दे" म्हटलं की "आत दे." मग मी शब्द निवडायला शिकले. काकणं सोडून दिली, बांगड्या धरल्या. "हात सैल सोड" म्हणण्याऐवजी "बोटं जुळव, बाय." श्वास घ्यायला थांबायचं नसतं पण ऐकणाऱ्यासाठी थांबायचं असतं, हेही तिथंच कळलं. बटण सोडायचं, समोरच्याला कळू द्यायचं, पुन्हा दाबायचं. त्या माळावर पूर्वी छत्रपती महाराज थांबले होते म्हणतात; ती जागा बघायला आलेलं एक कुटुंब एकदा माझ्यामागं येऊन उभं राहिलेलं मला कळलंच नाही. मी तल्लीन होऊन म्हणत होते, "बांगड्या घ्या बाय, लाल बांगड्या, निळ्या बांगड्या." वळून बघते तर त्यातल्या बाईनं दोन्ही हात पुढं केले होते आणि कावरीबावरी होऊन म्हणत होती, "आहेत कुठे?" मी टोपली आणलीच नव्हती.

मोखाड्याच्या बाजारात पहिल्या दिवशी माणसं जमली, पण बांगड्यांसाठी नव्हे. "ए, ती रेडिओवाली बाई आली." एकानं नळी हातात मागितली. एकानं स्वतःच्या मानेला लावून पाहायला मागितली. मी दिली नाही. पारशीबाबांनी सांगितलं होतं तसं तास-दोन तासांत हसून झालं आणि एक बाई बसली, दोघी बसल्या.

आणि तेव्हा मला कळलं की माझा हिशेब कुठं चुकला होता. बोलायला एक हात लागतो. बांगडी भरायला दोन. बोलायचं तर हात सोडायचा, हात धरायचा तर बोलणं सोडायचं. मी नळी खाली ठेवून मुकाट्यानं भरायला लागले की समोरची बाई माझ्या गळ्याच्या रुमालाकडे बघत राहायची आणि तिचा पंजा लाकडासारखा व्हायचा. त्या दिवशी माझ्याकडून इतकी काच फुटली जितकी सासूच्या हाताखाली शिकताना फुटली नव्हती. एका पोरीच्या मनगटाला लागलं. तिनं नुसता हात मागं घेतला. ते मला फार लागलं.

घरी मी नाना खटपटी केल्या. नळी खांद्यानं दाबून धरायची, तर मान वाकडी होऊन जागा चुकायची. फडक्यानं बांधली तर बटण कोण दाबणार? जव्हारच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. त्यानं नळी उघडून पाहिली, पुन्हा नीट मिटवली आणि म्हणाला, "आपा, मी हिला हात लावला आणि बिघडली तर तुमचा आवाज माझ्या गळ्यात पडेल. नको." त्या आठवड्याच्या पत्रात मी भाईला लिहिलं, 'सगळं ठीक आहे.' ते खोटं होतं.

भातकापणी उरकत आली तेव्हा वांगणीला गेले. आता आठ-पंधरा दिवसांत अर्धा पाडा वीटभट्टीच्या कामाला खाली भिवंडीकडे जाणार आणि पावसाच्या तोंडाशी परतणार, म्हणजे गाठ पडायची तर आताच. मोठी टोपली मला आता उचलत नव्हती. श्वास छातीत कोंडून धरता येत नाही, त्यामुळं ओझ्याला जोर लागत नाही. म्हणून खांद्याला दोन पिशव्या. पाड्याच्या तोंडाशी थांबून बटण दाबलं आणि हाक दिली. ती पहिल्या घरापलीकडे गेली नसेल. तेवढ्यानंच कुत्री भुंकायला लागली आणि पोरं ओरडत पळाली. दोन बायका दारात येऊन थबकल्या. एक म्हातारी म्हणाली, "हिच्या गळ्यात काय तरी बसलाय. भगताला बोलवा."

मी तिथंच उभी राहिले. परत फिरावं असं मनात आलं.

तेवढ्यात खळ्यावरून एक बाई आली. माझ्याच वयाची, माझी सर्वांत जुनी गिऱ्हाईक. तिच्या लग्नाचा चुडा माझ्या सासूनं भरला होता, आणि मी तेव्हा शेजारी बसून बघत होते. ती माझ्याजवळ आली, तिनं कपाळापासून पायापर्यंत मला न्याहाळलं.

"मणेरीण हायस ना? आमाला तर सांगलं का तू मेलीस."

"नाय मेले," मी नळीतून म्हणाले.

ती दचकली. मग म्हातारीकडे वळून म्हणाली, "तोंड हिचाच हाय. डोलं पण हिचंच. आवाज दुसऱ्याचा घेतला असंल, तर काय झाला?" आणि माझ्यासमोर मातीत मांडी घालून बसली. हात पुढं केला. "भर."

मी नळी मांडीवर ठेवली आणि तिचा हात धरला. कापणीनं पंजा फुगला होता, बोटांना भेगा. मी मुकाट्यानं बांगडी सरकवत होते. एक उतरली. दुसरी अंगठ्याच्या सांध्याशी अडली. ती म्हणाली, "काय गं, बोलस नाय? तू तर थांबायची नायस बोलायची."

मी मान हलवली. माझे दोन्ही हात दाखवले, मग नळी दाखवली. मग तिनं आपला मोकळा हात पुढं केला आणि माझ्या मांडीवरची नळी उचलली.

"कठं धरू?"

तिनं ती माझ्या गळ्याच्या रुमालाशी नेली. मी तिचं मनगट धरून हात जबड्याखाली नेला, थोडा डावीकडे, थोडा वर. तिच्या अंगठ्याखाली बटण दिलं. गुणगुण सुरू झाली. जागा थोडी चुकली होती. तिनं आपणहून इकडेतिकडे सरकवून पाहिलं, खाचरात बांध कुठं फुटलाय ते बोटांनी चाचपावं तसं. आणि मग माझा आवाज एकदम मोकळा झाला.

"पोरगी कशी आय?" मी विचारलं. 'प'चा 'ब' झाला, 'ह' गळाला, तरी तिला कळलं.

"कठली? मोठी का धाकली?" ती म्हणाली आणि बोलत सुटली. मोठी सासरी नांदत नव्हती, धाकटीच्या बाळाला दात येत होते, नवऱ्याचा पाय मुरगळला होता. बोलता बोलता तिचा पंजा माझ्या हातात सैल पडला आणि सांध्याशी अडलेली बांगडी अलगद खाली उतरली. तिची बोटं माझ्या मानेवर होती. ऑपरेशननंतर डॉक्टर, नर्सा आणि ते पारशीबाबा सोडले तर माझ्या मानेला कुणी हात लावला नव्हता. भाभीसुद्धा रुमाल धुवायची, पण मानेकडे बघायची नाही. या बाईच्या हाताला गवताचा आणि धुराचा वास असणार, तो मला येत नव्हता, पण ऊब कळत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं नळी जरा दाबून धरली आणि म्हणाली, "रडू नको. बोल. धरलाय मी."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाड्यातल्या बायका हौसेनं बसल्या. एक हात बांगडीला, एक हात माझ्या मानेला. कुणी बटण सोडायचंच नाही, मग मी डोळे मिटून खूण करायची. कुणी मध्येच सोडायचं, मग माझं अर्धं वाक्य हवेत राहायचं आणि सगळ्या हसायच्या. मी हसले तर नुसते खांदे हलायचे. ते पाहून एका पोरीनं पटकन नळी माझ्या मानेला लावली, की हसणं तरी ऐकू येऊ दे. भुंग्यासारखं लांब गुरगुरणं निघालं. मग तर म्हातारीसुद्धा हसली, भगताला बोलवा म्हणणारी.

मोखाड्याच्या बाजारातही मी तेच सुरू केलं. आधी लाजायच्या, मग सवय झाली. बाजारात येणाऱ्या पाड्यापाड्यांतल्या बायकांना माझ्या मानेवरची जागा ठाऊक झाली. नवी गिऱ्हाईक आली तर जुनी तिला शिकवायची, "तठं नाय, जरा वर."

एका वर्षी पावसापायी डाक अडकली आणि माझं पत्र भाईला पोचलं नाही. तो शब्दाला जागला. बॅग घेऊन हजर झाला. "चल," म्हणाला, "पुष्कळ झालं." मी म्हणाले, "उद्या वांगणीला जायचंय. तू पण चल, मग बोलू."

तो आला. चिखलात त्याची चप्पल तुटली, ती हातात घेऊन चालला. ओढ्याला गुडघ्याच्या वर पाणी असेल तर मी पलीकडे जात नाही, पाय घसरून गळ्याच्या भोकात पाणी शिरलं तर संपलंच. मी काठीनं पाणी मापलं, थांबले, उतरू दिलं, मग ओलांडलं. भाई हे सगळं बघत होता. पाड्यात बायकांनी मला घेरलं तेव्हा तो ओट्यावर लांब बसला. माझी ती जुनी मैत्रीण समोर बसली, तिनं सवयीनं माझ्या मानेला नळी लावली आणि आमचं सुरू झालं. भाई बघत राहिला. त्याच्या घरात तीन महिने राहिलेली मुकी बहीण इथं एकीला दटावत होती, दुसरीला लग्नाचं विचारत होती, तिसरीला सांगत होती की हिरव्या तुला शोभत नाहीत, लाल घे.

परतताना दोन्ही पिशव्या त्यानं स्वतःच्या खांद्याला लावल्या होत्या. एसटीची वाट बघताना म्हणाला, "मी तुला घरात ठेवून घेतलं तेव्हा मला वाटत होतं मी तुला वाचवतोय."

मी नळी मानेला लावली. "वाचवलंसच," मी म्हणाले. "मग सोडलंस, तेपण बरं केलंस."

त्यानं मान दुसरीकडे फिरवली. दुसऱ्या दिवशी एकटाच भिवंडीला गेला. पुढच्या वेळी आला तो चपट्या चौकोनी सेलचा पुडा घेऊन. माझ्या नळीला लागणारे तसले सेल जव्हारला मिळायचे नाहीत, येणाऱ्याजाणाऱ्याकडून मुंबईहून मागवावे लागत. तेव्हापासून सेल त्यानंच पुरवले. पहिली नळी झिजून बंद पडली तेव्हा डॉक्टरीणबाईंना गाठून दुसरी आणली, तीही त्यानंच.

गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा मी पाडे बंद केले, फक्त मोखाड्याचा बाजार ठेवला. माझी मैत्रीण वीटभट्टीवरून परतली की आधी बाजारात मला शोधायची. भरायच्या असोत-नसोत, समोर बसून नळी हातात घ्यायची.

भाभी वारली त्या वर्षी भाई पावसाळ्याचे दोन महिने माझ्याकडे राहायला आला. आयुष्यभर भिवंडीच्या यंत्रमागांच्या खडखडाटात काम करून त्याचे कान गेले होते. त्याची मुलं ओरडून बोलायची, त्याला कळायचं नाही. मला काळजी होती की आता आमचं कसं होणार. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "जेवणार का?" तो म्हणाला, "हो. आणि भाकरी नाचणीची कर." मी चकित होऊन पुन्हा काहीतरी बोलले. त्यालाही ते कळलं. तो म्हणाला, "बाकीच्यांची नुसती कुजबूज ऐकू येते. तुझं यंत्र मागासारखं घुमतं, तुझं सगळं कळतं."

मग काय, दोन महिने आम्ही लहानपणासारखे भांडलो, तो बहिऱ्याच्या चढ्या आवाजात, मी नळीतून. भाकरी जाड का, मीठ कमी का, खिडकी उघडी कुणी ठेवली. एक दिवस दुपारी कल्हईवाल्याची बायको धावत आली, दाराशी उभी राहून म्हणाली, "काय झालं? कोण भांडतंय? गल्लीच्या टोकापर्यंत आवाज येतोय."

तिचं बोलणं भाईला ऐकू गेलं नाही, म्हणून मी नळीतून सांगितलं, "कोण भांडतंय, विचारते."

"कुणी नाही," भाई म्हणाला. "मी आणि माझी बहीण बोलतोय."